सिरसाळ्याच्या बांधावरचं सीताफळ

रशीद,

तुला माती देऊन कबरस्तानातून बाहेर पडलो तेव्हा मला रडू आलं नाही. हलकं वाटलं. लोक काय म्हणतील म्हणून तिथं गप्प राहिलो, पण तुझ्यापासून काय लपवायचं? घरी येऊन हातपाय धुतले आणि सुनंदाला म्हणालो, "सुटला." तिला वाटलं, मी तुझ्या दुखण्याबद्दल बोलतोय. तेही होतंच. लिव्हरनं दगा दिल्यावर तुझं जे काय झालं ते बघवत नव्हतं. पोट टम्म फुगलेलं, हातापायांच्या काड्या, आणि एवढा बोलका माणूस दोन वाक्यं झाली की डोळे मिटून पडायचा. पण माझ्या मनात वेगळंच होतं. तुझा जीव ज्या झाडात अडकला होता, ते तुझ्या हयातीत सापडलं. हे माझ्या मनात इतकं भरून होतं की दुःखाला आत शिरायला जागाच नव्हती. ते आता हळूहळू येतंय. तिसऱ्या दिवशी जियारतीला तुझ्या घरी सगळे बसले होते आणि तुझी खाट उचलून अंगणात उभी करून ठेवलेली दिसली, तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्यात. पदवी, नोकरी, पश्चात पत्नी, मुलं, नातवंडं. सगळं बरोबर आहे आणि त्यात तू कुठंच नाहीस. मी लिहितोय ते त्यासाठी नाही. तू एक काम सांगून गेला होतास. ते मी केलं, पण त्याचं उत्तर तुला सांगायचं राहिलं. तुझ्या नातवंडांपैकी कुणी उद्या हे वाचलं तर त्यांनाही कळावं, म्हणून आपल्या धंद्यातलं थोडं सोपं करून लिहितो. तू हसशील. हस.

आपला धंदा म्हणजे सीताफळांचा संग्रह. बाहेरून बघणाऱ्याला ती बागच वाटते, पण फळं विकायची बाग नव्हे. बालाघाटाच्या डोंगरात, बांधांवर, ओढ्याकाठी जी सीताफळं आपली आपण उगवलीत, त्यांतली वेगळी दिसणारी हुडकायची, त्यांच्या काड्या आणायच्या, कलमं बांधायची आणि आपल्या संशोधन केंद्राच्या जमिनीत ती जपायची. सीताफळ बीपासून उगवलं की प्रत्येक झाड वेगळं, सख्ख्या भावंडांसारखं. एखादं गोड, एखादं पिचकं, एखाद्यात नुसत्या बियाच बिया. कलम केलं तर मात्र तेच झाड पुन्हा. तू जीप घेऊन गावोगाव हिंडायचास आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या आणायचास. मी प्रयोगशाळेत बसून त्यांच्या पानांतला डीएनए काढायचो. झाडाझाडांत जिथं फरक पडतो अशा ठरावीक जागा त्यात असतात, त्यांना आपण मार्कर म्हणतो. दोन झाडं त्या सगळ्या जागी सारखी निघाली की समजायचं, झाड एकच आहे, नावं दोन आहेत. म्हणजे तू आणायचास आणि मी त्यातलं दुबार काय ते सांगायचो. अशा दोन माणसांचं भांडण झालं नसतं तरच नवल.

भांडणाचं मूळ तुझ्या अब्बांपाशी आहे. अब्बा फळांचे व्यापारी. हंगामात डोंगरातली, बांधांवरची झाडं बोली करून घ्यायचे, फळं उतरवायचे आणि बीडच्या बाजारात आणून विकायचे. कुणाच्या बांधावरचं झाड उतरवलं की त्यातली निवडक फळं बाजूला काढून त्या घरच्या पोरांना दिल्याशिवाय अब्बा टोपली उचलायचे नाहीत. तू अधिकारी झालास तरी ती खोड तुझ्यात उतरलीच. ज्याच्या झाडाची काडी घेतली त्याला त्या बदल्यात कलमाचं एक रोप द्यायचंच. जीपमध्ये मागं पिशव्या भरलेल्याच असायच्या. हाताला लागेल ती पिशवी उचलायची आणि द्यायची. कुणाला कुठलं दिलं, याचा पत्ता तुला स्वतःलाही नसायचा. मी म्हणायचो, अरे निदान सांग तरी काय दिलंस ते. तू म्हणायचास, लेक सासरी दिल्यावर रोज विचारत बसतो का आपण?

आणि मग व्हायचं ते झालं. वर्षं गेली, तू वाटलेली रोपं बांधांवर मोठी झाली, फळाला आली. गावातली माणसं ती आमच्या इथलीच म्हणून सांगायला लागली. मी काय, आपली नवी पोरं काय, गावात जायचो, चांगलं झाड दिसलं की खूश व्हायचो, काडी आणायचो, नवा नमुना म्हणून लावायचो. मार्कर लावून तपासायला बसलो तेव्हा मी डोक्याला हात लावला. नांदूरघाटचं म्हणून आणलेलं झाड आपल्याच पहिल्या ओळीतलं. केजचं म्हणून आणलेलं तेही तेच. आपलंच झाड गावात जाऊन, गावचं नाव घेऊन आपल्याकडे परत येत होतं. जगातल्या कुठल्या संग्रहात असा घोळ झाला असेल असं मला वाटत नाही. दुसरीकडे लेबलं पुसट होतात, पाकिटं बदलतात. आपल्याकडे गोळा करणारा माणूसच वाटत सुटला होता. तुझ्या खोलीत येऊन मी ओरडलो होतो की अर्धा बीड जिल्हा तूच लावलायस, आणि सरकारचं डिझेल जाळून आम्ही तो पुन्हा गोळा करतोय. तू चहा मागवलास.

मी हसत नव्हतो, रशीद. आपली विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. बोअरला पाणी किती ते तुला माहीत होतं. नवीन नमुने लावायला जागा नाही आणि एकच झाड तीन तीन नावांनी पाणी पितंय. दुबार झाडं काढा, एक ठेवा, मोकळ्या जागेत खरोखर वेगळं काही लावा, एवढंच माझं म्हणणं होतं. तू अडून बसायचास. तू म्हणायचास, मार्कर सारखे निघाले म्हणजे झाडं सारखी, हे तुझं यंत्र म्हणतं. उद्या एक वाळलं तर दुसरं असू दे की. मी म्हणायचो, अशानं संग्रह राहणार नाही, कोंडवाडा होईल. दर बैठकीत हेच. बैठक संपली की आपण एकाच डब्यातली भाकरी खायचो आणि तिथं पुन्हा सुरू व्हायचं. शिपाई सांगायचा, दोघं साहेब लोक आतमध्ये भांडायलेत, जाऊ नका.

आता त्या झाडाचं.

नेकनूरच्या वरच्या डोंगरात अब्बांचं एक लाडकं सीताफळ होतं. कुणी लावलेलं नव्हतं, खडकाच्या कपारीत उगवलेलं. दिवाळी उलटून गेल्यावर, बाकी सगळी झाडं रिकामी झाली की ते पिकायचं. फळ मोठं, साल न फुटणारी, बिया कमी. तेव्हा बाजारात दुसरं सीताफळ नसायचं, त्यामुळं त्या एका झाडाचा भाव वेगळा. त्याच्या पैशावर मी शिकलो, असं तू म्हणायचास. ते थोडं वाढवून सांगणं होतं, पण फार नाही. कॉलेजात असताना तू होस्टेलवर टोपली घेऊन यायचास आणि खोलीत दार लावून आपण ती फस्त करायचो. रस्त्यासाठी मुरूम काढायला तो डोंगर पोखरला गेला तेव्हा कपार गेली आणि झाडही गेलं. अब्बा तेव्हा हयात नव्हते. तू मात्र निवांत होतास, कारण त्याआधीच तू काड्या आणून कलमं केली होतीस आणि एक झाड संग्रहात चांगलं वाढत होतं.

त्याला पहिलं फळ लागलं तो दिवस तू विसरला असशील असं वाटत नाही. दिवाळीची वाट बघितली नाही त्यानं. दसऱ्यालाच पिकलं. तिथंच तुझा चेहरा पडला होता, तरी तू फळ हातात घेतलंस, फोडलंस, एक फोड तोंडात घातलीस आणि बाकीचं फळ बांधावर ठेवून दिलंस. म्हणालास, "खुंट हाय बे हा."

एवढंच. वाचणाऱ्याला सांगतो: कलम करताना खाली कुठल्या तरी बीचं साधं रोप असतं, त्याला खुंट म्हणतात, आणि वर आपल्याला हव्या त्या झाडाची काडी बांधलेली असते. एका कडक उन्हाळ्यात वरची काडी वाळून गेली असणार आणि खालचा खुंट फुटून मोठा झाला. सीताफळावरच सीताफळ बांधलेलं, पानं सारखी, कुणाला कळणार? तू इतकी वर्षं खुंटाला पाणी घालत होतास. आणि खरं झाड आता कुठंच नव्हतं. त्यानंतर तू त्या पोखरलेल्या डोंगरात कितीदा गेलास, एखादी फूट, एखादं मूळ उरलंय का बघायला, ते ड्रायव्हरला विचारावं. तू माझ्याशी त्यावर बोलला नाहीस. फक्त एकदा म्हणालास, अब्बांना दफन केलं तेव्हा इतकं लागलं नव्हतं.  

त्या झाडाची चार वाळकी पानं तेवढी उरली होती. झाड उभं असताना तू कधीतरी माझ्या सरावासाठी आणून दिलेली. पाकिटात, ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांबरोबर ठेवलेली. वाळक्या पानापासून झाड होत नाही. पण त्यातला डीएनए टिकतो.

तू आजारी पडून घरी बसलास तेव्हा मी सगळा संग्रह नव्याने तपासायला घेतला. तपासणीच्या प्लेटमधल्या एकेका खाचेत एकेका झाडाचा डीएनए भरत गेलो. एक खाच रिकामी राहत होती, तिच्यात मी अब्बांच्या झाडाचं पान घातलं. तुला सांगितलं नाही. सांगून उगाच आशा कशाला लावायची? आणि खरं म्हणजे मलाही आशा नव्हती. शेजारी जागा आहे म्हणून एखाद्याला गाडीत घ्यावं, तसं ते होतं.

निकाल आला आणि त्या वाळक्या पानाला जोडीदार निघाला. सिरसाळ्याचं एक झाड. मी स्वतः आणलेलं, अलीकडचं, अजून फळाला न आलेलं. मी खुर्चीतून उठलो, बाहेर गेलो, ओळीत जाऊन त्या झाडाला हात लावून आलो. माझ्या कमरेएवढंही नव्हतं.

मला राहवलं नाही. त्याच दिवशी बीडला आलो. तू खाटेवर, भाभी उशाशी बसून मोसंबी सोलत होत्या. मी सांगितलं. मला वाटलं तू उठून बसशील. तू डोळे न उघडता विचारलंस, किती मार्कर लावले? मी सांगितलं. मग तू डोळे उघडलेस.

"दिग्या, मी बीमार हाय म्हणून गोड बोलू नको," म्हणालास. "इतक्यावर तू कुण्या दुसऱ्याचं मानलं असतं का बे?"

नसतं मानलं. तुझं बरोबर होतं. अब्बांच्या झाडाचं फळ कुणी सिरसाळ्याच्या रस्त्यावर खाल्लं असेल, बी थुंकली असेल, तिचं झाड झालं असेल. ते लेकरू. लेकरू बापासारखं दिसतं, थोड्या जागा तपासल्या तर अगदी तोच वाटू शकतो. पण लेकरू म्हणजे बाप नव्हे. तू मला आणखी मार्कर लावायला सांगितलंस, भरपूर, नाव घेऊन कुठले ते. एवढं बोलून दमलास. आयुष्यभर ज्या यंत्राला तू नावं ठेवलीस, त्याला शेवटी तू माझ्यापेक्षा कडक परीक्षेला बसवलंस. आपला वाद त्या दिवशी कोण जिंकलं, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी निघालो तर भाभी दारापर्यंत आल्या. शमीमभाभी माझ्याशी कधी फार बोलत नाहीत. त्या दिवशी पदर नीट करत खाली बघून म्हणाल्या, "भाई, कुछ बी आया तो, वहीच है बोलना."

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की ऐकलं म्हणून, ते मलाच कळलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. रसायनं संपली, मागवली, उशिरा आली. लाईट जायची, यंत्र थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. तुझा आवाज फोनवर बारीक होत चालला होता. तू निकालाचं विचारत नव्हतास, हेच मला जास्त लागायचं. इकडचं तिकडचं विचारायचास, बोअरचं पाणी कसंय, नव्या पोरानं छाटणी नीट केली का. आशा मी लावली होती, न विचारता. आता ती मोडली तर ती मीच मोडणार होतो, तेही अशा माणसापुढं ज्याला दुसरी कुठली आशा उरलेली नाही. रात्री जेवताना सुनंदा विचारायची आणि मी तिच्यावरच खेकसायचो.

निकाल आला. एकेक जागा बघत गेलो. सारखी. सारखी. सारखी. शेवटपर्यंत कुठंच फरक नाही. खात्रीसाठी सगळं एकदा त्या नव्या पोराकडून तपासून घेतलं. त्याला काही माहीत नव्हतं, तो म्हणाला, सर, एकच झाड आहे, दुबार आहे, काढायचं का? मी त्याला जवळ घेतलं. बिचारा घाबरला.

तुझ्या खाटेपाशी येऊन बसलो. तू विचारलंस, "किती फरक?"

"एक बी न्हाई."

तू वर छताकडे बघत राहिलास. मग तुझं ते फुगलेलं पोट हलायला लागलं. मला वाटलं दुखतंय, भाभी धावल्या, पण तू हसत होतास. हसता हसता डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं आणि पुसायला तुझा हात उचलत नव्हता. मी पुसलं. मग तू मला शिव्या द्यायला सुरुवात केलीस. सिरसाळ्याला त्या झाडाचं फळ खाल्लं होतंस ना बे, म्हणालास, आणलं तेव्हा? खाल्लं होतं. चांगलं लागलं म्हणूनच तर काडी आणली होती. तू म्हणालास, मग होस्टेलला टोपल्याच्या टोपल्या गिळल्या, तेव्हा काय नाक बंद होतं का तुझं, ओळखता आलं नाही? यंत्र लागलं होय तुला? भाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या खोलीत कित्येक महिन्यांत कुणी हसलं नव्हतं.

नंतर तू म्हणालास, ते तिथं गेलं कसं, ते बघ. मला तर काहीच आठवंना. जाऊन विचारून ये.

मी गेलो. हेच सांगायला हे सगळं लिहितोय.

सिरसाळ्याच्या अलीकडे ओढ्याला लागून शेत आहे. घरात सुभद्रामावशी एकट्याच होत्या. मालक वारलेत, मुलगा परळीला असतो. मी मागं काडी न्यायला आलो होतो तेव्हा मुलगा भेटला होता आणि त्यानं झाड आमच्या इथलंच म्हणून सांगितलं होतं. आता मावशींना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्याच हापिसानं आणून दिलेलं झाड तुमीच कावून इचारायले?"

मग त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात तुझी जीप त्या ओढ्याच्या चिखलात रुतली होती. त्यांच्या मालकांनी बैल जुंपून ती बाहेर काढली. तू त्यांच्या बांधावरच्या जुन्या सीताफळाची काडी घेतलीस आणि जीपमधून एक पिशवी काढलीस. मालक म्हणाले, साहेब, नको, आमच्याकडे हाय की सीताफळ. तू ऐकायला तयार नाहीस. त्यांच्या हातातली कुदळ घेतलीस आणि भर पावसात स्वतः खड्डा खणून रोप लावलंस. आणि जाताना मालकांना म्हणालास, "माझ्या बापाचं झाड हाय. जीव लावा."

हे ऐकून मी मावशींसमोर मोठ्यानं हसलो. त्यांना राग आला असेल. पण रशीद, हे वाक्य मी तुझ्या तोंडून गावोगाव ऐकलंय. माझ्या बापाचं झाड हाय. ज्याला रोप देशील त्याला हेच. माणसांनी रोप फेकून देऊ नये, पाणी घालावं म्हणून तू हे सांगायचास, आणि ती घालायची. मी तुला विचारायचो, अरे किती बाप आहेत तुला? पिशवीवरची चिठ्ठी बघायची तुला सवय नव्हती, आणि त्या दिवशी तर पावसात ती धुऊनच गेली असेल. अब्बांच्या झाडाच्या कलमांतलं एक त्या पिशव्यांत होतं, आणि तुला माहीत नव्हतं तू काय देतोयस. तू नेहमीची थाप मारलीस, आणि त्या ओढ्याकाठी ती खरी होती.

मावशींनी जीव लावला. मालकांनी सांगितलं होतं म्हणे, मियाभाईच्या बापाची ठेव हाय, वाळू द्यायची न्हाई. दुष्काळात त्यांनी घरचं सांडपाणी हंड्यानं नेऊन घातलं. त्यांचं स्वतःचं जुनं झाड वाळलं, हे जगलं. मी त्यांना सांगितलं की मूळ झाड डोंगरातून गेलं, आमच्याकडचंही गेलं, आणि ते साहेब आता बीडला आजारी आहेत. त्या उठून झाडापाशी गेल्या, हिरव्या फळांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, त्यास्नी सांगा, हाय म्हणावं.

तिथून निघालो आणि वाटेत भाभींचा फोन आला. गाडी बाजूला घेतली. म्हणजे हे तुला ऐकायला मिळालं नाही. बैल, चिखल, कुदळ, काहीच नाही. तू ऐकलं असतंस तर म्हणाला असतास, बघ, वाटत सुटलो म्हणून वाचलं. दिग्या, तुझं ऐकलं असतं तर एकच ठेवलं असतं आणि तेही खुंट निघालं असतं. आणि मी म्हणालो असतो, माझं यंत्र नसतं तर ते सिरसाळ्याचं म्हणूनच राहिलं असतं, तुझ्या बापाचं झालं नसतं. तू म्हणाला असतास, झाडाला काय फरक पडतो बे?   पुढच्या बैठकीत दुबार झाडांचा विषय परत येणार आहे. मी काढा म्हणूनच सांगणार. पण काढण्याआधी प्रत्येकाचं एक कलम कुणाच्या तरी बांधावर देऊन या, असंही सांगणार आहे. कुणाला काय दिलं ते मात्र लिहून ठेवायचं. तेवढं माझं राहू दे.

सगळ्यात जास्त हलकं वाटतंय ते कशानं, ते तुला आता सांगतो.

तुझ्या दारात भाभींनी मला जे सांगितलं, ते घेऊन मी ते सगळे दिवस काढले. यंत्र चालू असायचं आणि मी दोन्ही वाक्यं मनात म्हणून बघायचो. वहीच है. वहीच नहीं है. पहिलं म्हणायला सोपं होतं. पण तू मला गोड बोलू नको म्हणाला होतास, आणि इतक्या वर्षांत कुठल्याही झाडाबद्दल मी तुला खोटा निकाल दिला नव्हता, तुझ्या आवडत्या झाडांबद्दलही नाही. तुझं-माझं जे काही होतं ते त्यावर उभं होतं. दुसरं वाक्य घेऊन मी मनातल्या मनात तुझ्या घरचा जिना चढायचो आणि तुझा चेहरा दिसला की तसाच खाली उतरायचो. सुनंदाला विचारलं, ती म्हणाली, तिथं गेल्यावर बघा. ठरत नव्हतं. निकाल छापून हातात येईपर्यंत ठरलं नव्हतं.

उलटा आला असता तर तुझ्या खाटेपाशी बसून मी काय बोललो असतो, हे मला आजही माहीत नाही. ते मला कधी कळणार नाही. बरं झालं. तू विचारलंस, किती फरक, आणि मला खरं बोलून तुला हसवता आलं.